घळीतली बारा पावलं

पाटीवर जायचा मजकूर मी अकरा ओळींत बसवला होता. बारा ओळींची जागा आहे, असं वन खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि एक ओळ वाचवल्याचा मला त्या आठवड्यात फार आनंद होता.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाट उतरायच्या अलीकडं, एक राखीव रान आहे. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं, रखरखीत पठार. त्याच्या कडेखाली दाट झाडी, आणि त्या झाडीत जांभ्याच्या पोटात शिरलेल्या तीन घळी. मधली घळ सगळ्यांत मोठी. तिच्या तोंडाशी एक झरा आहे. त्याच्या पाण्यात चुना जास्त. वर्षानुवर्षं ते पाणी खालच्या चिखलावर थर धरत गेलं आणि त्या चिखलाचाच पांढुरका दगड झाला. त्या दगडावर दोन फाकांच्या खुरांची पावलं आहेत. कधीतरी ओल्या चिखलातून एखादं जनावर चालत गेलं, चिखल घट्ट झाला, आणि पावलं राहिली. पायथ्याच्या गावात त्यांना देवाच्या गाईची पावलं म्हणतात.

तिथं माहितीची पाटी लावायचं ठरलं तेव्हा साहेबांनी कॉलेजला विचारलं आणि प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. मी दोनदा जाऊन आले. टेप लावून प्रत्येक पाऊल मोजलं, फोटो काढले, वहीत नकाशा काढला. बारा पावलं होती. त्यातली आठ मोठी पण अस्पष्ट, आणि चार जरा लहान पण इतकी रेखीव की बघत राहावं. गुरांचे मागचे खूर पुढच्यांपेक्षा लहान असतात, तेव्हा ती चार मागच्या पायांची, असं मी नोंदवलं. एकच गवा झऱ्यावर पाणी पिऊन घळीकडं गेला असावा, असा मजकूर तयार केला. पावलं किती जुनी आहेत ते लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. बाकी सगळं मात्र मला माहीत आहे, अशी माझी खात्री होती. साहेबांनी मजकूर मंजूर केला. रेखीव चार पावलांचा फोटो पाटीच्या मधोमध येणार होता. सोमवारी पेंटर येऊन लिहायला सुरुवात करणार होता.

आदल्या दिवशी, रविवारी, मी आप्पांना तिकडं घेऊन गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही हुपरीचे. आप्पांनी चाळीसहून जास्त वर्षं घरातल्याच कारखान्यात चांदीचे पैंजण केले. कारखाना म्हणजे पुढची खोली. त्यांचं मुख्य काम ठशाचं. पोलादी ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकायचा, की त्यावर पान, फूल, कोयरी उमटते. जिथं ठसा चालत नाही तिथं छिन्नीनं कोरायचं. लहानपणी माझ्याकडं त्या खोलीचा केर होता. मऊ कुंचल्यानं फरशी झाडायची आणि निघेल ती धूळ डब्यात भरायची, कारण त्या धुळीत चांदी असते. कोरायचं काम झालेल्या दिवशी डब्यात चकाकी दिसायची. ठशाच्या दिवशी नुसतीच माती.

आप्पा चौथीपर्यंत शिकले. आई तेवढंही नाही. आमच्या घरात, आणि वडिलांच्या बाजूच्या सगळ्या घरांत, पदवी घेणारी मी पहिली. कोल्हापूरला कॉलेजला जायला लागले तेव्हा सकाळच्या एसटीला उभं राहायलाही जागा नसायची. आप्पा माझ्याआधी स्टँडवर पोचायचे. गाडी फलाटाला लागायच्या आत तिच्याबरोबर धावत जाऊन खिडकीतून आपला टॉवेल सीटवर टाकायचे. टॉवेल पडला की ती जागा आपली, हा तिथला कायदा. मी बसले की ते खिडकीतून टॉवेल परत घ्यायचे आणि म्हणायचे, "वाच आता. खिडकीतनं बघत बसू नगंस." तीन वर्षं त्यांनी हे केलं. कारखान्यात त्यामुळं रोज उशीर व्हायचा, त्याबद्दल काका त्यांना बोलायचे, ते मला फार उशिरा कळलं. एम.एस्सी.ला मी कोल्हापुरात राहायला गेले तेव्हा त्यांनी तो टॉवेल माझ्या पिशवीत घातला. एसटीचा प्रवास संपला होता, तरीही.

म्हणून मला ते रान त्यांना दाखवायचं होतं. पाटी लागल्यावर कधीतरी दाखवता आलं असतं, पण मला धीर नव्हता. माझं काम बघायला आप्पा कधी आलेच नव्हते. वर्गात काय बघणार? इथं निदान हात लावून बघण्यासारखं काहीतरी होतं.

आईनं भाकरी, झुणका आणि खर्डा बांधून दिला. आप्पा पांढरी विजार, पांढरा सदरा आणि टोपी घालून गाडीत बसले, लग्नाला निघाल्यासारखे.

"किती लांब हाय?"

"दोन तास."

"दोन तास जाऊन दगूड बघायचा?"

"दगडावरची पावलं, आप्पा."

"बरं बरं. बघू की."

रानाच्या फाटकाशी वनपाल थांबले होते. पन्नाशीचे, बोलके गृहस्थ. आधीच्या दोन्ही खेपांना तेच माझ्याबरोबर होते. आप्पांना बघून त्यांनी हात जोडले.

"या, मॅडम. ह्ये पावणं कोण म्हणायचं?"

"माझे वडील."

"हां, मग पावणं कसलं, घरचंच की! या या. आज मॅडमचं काम बघाय आलाय व्हय? लई अभ्यास केल्याती बघा. खुराखुराला टेप लावला. आमी इतकी वर्सं हितं, आमाला ठावं नव्हतं गव्याचा मागला पाय कुटला न् फुडला कुटला."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग टोपी सारखी केली. ते खूश झाले की टोपी सारखी करतात.

झाडीतून वीसेक मिनिटं चालावं लागतं. पाऊस संपून महिना झाला होता, पाऊलवाट कोरडी होती, कारवी दोन्ही बाजूंनी खांद्याला लागत होती. वर कुठंतरी शेकरू ओरडत होतं. आप्पा दर थोड्या वेळानं थांबून एखाद्या झाडाचं पान उलटं करून बघायचे, त्याच्या शिरांवरून अंगठा फिरवायचे आणि पुढं चालायचे. ही त्यांची जन्माची सवय. कुठलंही पान, फूल दिसलं की त्याचा ठसा कसा निघेल हे ते बघतात. एका पानापाशी ते म्हणाले, "ह्येची कड लई नाजूक हाय. ठोकताना फाटंल." वनपालांना काही कळलं नाही. मला कळलं.

मधल्या घळीपाशी पोचलो तेव्हा ऊन तिरपं होऊन आत येत होतं. झऱ्याचं पाणी कमी झालं होतं, आणि पांढुरका दगड सगळा उघडा पडला होता. मी खडूचा तुकडा घेतला आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागले. पाण्यात चुना कुठून येतो, थर कसा बसतो, चिखल कसा घट्ट होतो. मग पावलं मोजून दाखवली. एक, दोन, तीन. बाराव्या पावलाशी गवा घळीत शिरला, असं म्हणून मी हात आत दाखवला. वनपालांनी मान डोलावली.

आप्पा खाली बसले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दगडावरची पानं, माती झाडून काढली. मग सरळ पोटावर झोपले, पांढऱ्या कपड्यांनिशी, आणि गाल दगडाला टेकवून उन्हाच्या दिशेनं बघायला लागले.

"आवो पावणं, कापडं खराब हुत्याली," वनपाल म्हणाले.

"धुतली की निगत्यात."

ते सरकत सरकत एकेका पावलापाशी गेले. अंगठ्याचं नख आतून फिरवलं, मग काठावरून फिरवलं. बराच वेळ गेला. मी जेवणाचा डबा उघडायचा विचार करत होते.

"बाळ," ते तसेच झोपून म्हणाले, "ही चार कुणी कोरली?"

"कुठली?"

त्यांनी बोट ठेवलं. रेखीव चार. फोटोतली चार.

"कोरलेली नाहीत, आप्पा. ती मागच्या पायाची आहेत."

"मागच्या पायाची आसू देत. पर कोरल्यात."

मी हसले. वनपालही हसले. आप्पा हसले नाहीत. ते उठून बसले आणि अंगठा पुसत म्हणाले, "आठ उमटल्यात. चार कोरल्यात."

आणि मग मी जे बोलले ते लिहिणं भाग आहे, कारण ते मी बोलले. चिडले की मी घरच्यासारखी बोलते. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' म्हणतात. मी म्हणाले, "आप्पा, मी दोनदा येऊन मोजलोय हे. एम.एस्सी. केलोय मी. तुम्ही एकदा बघून सांगताय?"

घळीत आवाज घुमतो. माझंच 'सांगताय' मला परत ऐकू आलं.

आप्पांनी शांतपणे टॉवेल झटकला. "व्हय की. एमेस्सी केलीस म्हणून तर तुला इचारतोय. मला कळतंय ते एवडंच हाय. तू बघ आन् सांग."

ते झऱ्याच्या काठाशी गेले आणि मूठभर ओला चिखल आणून दगडावर थापला. भाकरीसारखा सपाट केला. मग अंगठा त्यात दाबला आणि वर उचलला.

"ह्ये बग. दाबलं की माती कुटं जाती? कुटंच जात न्हाय. बाजूला सरकती. कड वर येती." मग वाळकी काटकी घेऊन त्यांनी शेजारी तसाच खळगा उकरला आणि निघालेली माती बोटानं उडवली. "आन् ह्ये कोरलं. हितली माती गेली. कड सपाट. तू डबा भरायचीस न्हवं? ठशाच्या दिवशी डब्यात काय यायचं?"

"माती."

"आन् कोरल्यावर?"

मी चपला काढल्या आणि त्यांच्यासारखी पोटावर झोपले.

गाल दगडाला लावला, की तिरप्या उन्हात सगळं दिसतं. आठ अस्पष्ट पावलांच्या भोवती दगडाची कड उचललेली होती, पुढच्या बाजूला जास्त, जिथं जनावराचा भार पडला असेल. मी वरून फोटो काढले होते, आणि वरून ती कड दिसत नाही. चार रेखीव पावलांचा काठ मात्र ताटासारखा सपाट होता. आत तळाला बारीक, समांतर रेघा होत्या. मी त्यांना दगडाचे थर म्हणून वहीत नोंदवलं होतं. त्या छिन्नीच्या होत्या. छिन्नीचा घाव मी बोलायला लागायच्या आधीपासून बघत आले आहे.

"अंतर बी बग," आप्पा वरून म्हणाले. "ही चार एका मापात बसवल्यात. पैंजणाला घुंगरू लावल्यागत. जनावर कुटं पट्टी लावून चालतंय?"

मी अंतरंही मोजली होती. या चारांमधली सारखी आली तेव्हा माझ्या मोजणीत चूक नाही, असा अर्थ मी काढला होता.

मी उठून बसले. वनपालांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही कळलंय. ते दोन पावलं पुढं आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी पेंटर येणार. फोटो छापून आलाय. साहेबांची सही झाल्या. बारा म्हंजे बाराच ऱ्हाऊ दे की. कोण पोटावर झोपून बघणार हाय?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते हात धुवायला झऱ्याकडं वळले होते. जाता जाता म्हणाले, "तिचं काम हाय ते. तिला ठरवू दे."

ठरवायला वेळ लागला नाही असं म्हणायला मला आवडेल, पण थोडा लागला. कोल्हापूरचे, बेळगावचे, कुठकुठले लोक येऊन ती पाटी वाचणार होते. शाळांच्या सहली येणार होत्या. खाली माझ्या कॉलेजचं नाव असणार होतं. आणि ज्या साहेबांनी माझ्यावर विसंबून सही केली, त्यांना मी आता काय सांगणार होते? माझ्या वडिलांनी चांदीच्या कामावरून ओळखलं? हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आल्याची मला जास्त लाज वाटली.

तेवढ्यात खालून घंटेचा आवाज आला. गावातली एक आजी दोन म्हशी पाण्याला घेऊन येत होती. पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. आधीच्या खेपांना मी तिला लांबून पाहिलं होतं. वनपालांनी हाक मारली, "आज्जे, हिकडं ये जरा. ही चार पावलं कोरलेली हायत का गं?"

"कोरलीत की," म्हातारी म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"

"मग आजवर सांगितलं न्हाईस ते!"

"कुणी इचारलं? ही बाई दोन येळा आली. टेप लावून मोजत बसली. म्या म्हनलं, मोजू दे बापडी, सरकारी काम आसंल."

आप्पा मोठ्यानं हसले. मग मीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला दगडावर बसवलं, डबा उघडला, भाकरी-खर्डा दिला आणि विचारायला सुरुवात केली. जे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते. आजीनं खर्डा चाखून "कमी तिखाट हाय" असा निकाल दिला आणि सांगितलं. पूर्वी गावातली सगळी गुरं रानात चरायला सोडत. एखादं जनावर चुकलं तर घरचा माणूस इथं घळीत येऊन बोलायचा, की देवाच्या गाई, आमची गाय घरला आण, तुझ्या पावलापाशी तिचं पाऊल ठेवीन. जनावर परत आलं, की त्याच्या खुराचं माप दोऱ्यानं घ्यायचं आणि मूळ पावलांच्या ओळीत एक पाऊल कोरायचं. शेवटचं पाऊल तिच्या सासऱ्यानं कोरलं होतं.

"लगीन होऊन नवी आल्ते मी. तांबडी गाय हुती आमची. नऊ दिस न्हवती. धाव्या दिशी दारात हंबारली. मामंजी रडलं बगा, बापय माणूस असून. मी दोरा धरलाता मापाला."

तिनं चौथ्या पावलावर, सगळ्यांत रेखीव पावलावर, हात ठेवला.

"मग पुढं कुणी का नाही कोरलं?" मी विचारलं.

"आता जनावर रानात सोडतंय कोण? दावणीला खातंय, डेअरीला दूध जातंय. हरवंतच न्हाय, तर परत कुटनं येणार?"

मी चारही पावलांची लांबी पुन्हा बघितली. ती सारखी नव्हती. बोटाच्या अर्ध्या पेराइतका फरक होता. माझ्या वहीत तो होता; मी त्याला झीज म्हटलं होतं. त्या चार वेगवेगळ्या गाई होत्या.

मग मी उठले. घळीत फोनला रेंज नसते. सड्यावर चढून जावं लागलं. वर उन्हात उभं राहून मी साहेबांना फोन लावला आणि पहिलं वाक्य तयार ठेवलं होतं तेच बोलले, "सर, माझ्या मजकुरात चूक आहे. पेंटरला थांबवा."

साहेब मग म्हणाले, "किती मोठी चूक?"

"पावलं आठच आहेत. चार कोरलेली आहेत. गावातल्या लोकांनी."

"मग चार वगळूया. आठ लिहा. कोरलेली म्हटलं की लोकांना सगळंच खोटं वाटायचं."

"नाही सर. चारही लिहायची. कशी ओळखायची ते लिहिलं, तर आठांवरही लोकांचा विश्वास बसेल. आज संध्याकाळपर्यंत मी मजकूर देते. बारा ओळींतच देते."

"तुम्हाला हे आता कसं कळलं?"

"माझ्या वडिलांनी दाखवलं. ते हुपरीला ठशाचं काम करतात."

मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "असं होय. मग बरोबरच असणार." आणि फोटोचं काय करायचं ते विचारलं. मी म्हटलं, नवा देते.

खाली येऊन मी घळीच्या तोंडाशी बसले आणि वहीत नवा मजकूर लिहिला. पहिल्या खेपेला मला चार दिवस लागले होते. त्या दुपारी तासाभरात झाला. आप्पा शेजारी पाय पसरून बसले होते, आजी म्हशींवर लक्ष ठेवून बसली होती, वनपाल दर दोन मिनिटांनी "झालं?" म्हणत होते. लिहून झाल्यावर मी मोठ्यानं वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी 'चार कोरीव शिल्पे' लिहिलं होतं.

"शिल्प कशाला?" आप्पा म्हणाले. "पाऊलच म्हण. त्यांनी पाऊल म्हणून कोरलं."

मी शब्द बदलला.

"गाय तांबडी हुती त्ये लिवलं?" आजीनं विचारलं.

"जागा नाही, आज्जी."

"मग ते चुना-बिना कमी कर. चुना कुणाला बगायचाय?"

मी चुन्याचं एक वाक्य काढलं आणि तांबडी गाय घातली. मजकूर बरोबर बारा ओळींचा झाला.

नव्या फोटोसाठी मी पुन्हा पोटावर झोपले आणि आठांतलं सगळ्यांत अस्पष्ट पाऊल निवडलं. आप्पांनी टॉवेलची सावली धरली, ऊन नेमकं काठावर पडेल अशी. फोटोत फारसं काही दिसत नाही, फक्त उचललेली कड आणि तिची बारीक सावली. पण तो आला तेव्हा मला तो पहिल्या फोटोपेक्षा चांगला वाटला, आणि आजही वाटतो.

परत येताना गाडीत मी म्हणाले, "आप्पा, मघाशी मी उगीच बोलले."

"कवा?"

"एम.एस्सी.चं."

"त्येला काय हुतंय? बोलायसाटीच शिकिवलं की तुला." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पर खर्डा तिखाट कमीच झालाता. घरात सांगू नगंस."

पाटी दोन महिन्यांनी लागली. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले तेव्हा आप्पांनाही बरोबर नेलं. वनपाल आमच्या आधी आलेल्या एका कुटुंबाला घळ दाखवत होते. त्यांनी झऱ्यावरचा चिखल आणून दगडावर थापला, अंगठा दाबला, शेजारी काटकीनं उकरलं, आणि म्हणाले, "दाबलं की माती बाजूला सरकती. कोरलं की जाती. आता तुमीच वळका, आठ कुठली न् चार कुठली." त्या कुटुंबातली एक मुलगी आणि तिची आई दोघी दगडावर पोटावर झोपल्या. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी झोपायला लावलं. कुणी टेप काढायच्या आधी.

आप्पा पाटीसमोर उभे होते. ते सावकाश वाचतात, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. पहिल्यापासून बाराव्या ओळीपर्यंत त्यांनी वाचलं. 'आठ उमटलेली, चार कोरलेली' या ओळीवर बोट थोडं जास्त थांबलं. शेवटी माझं आणि कॉलेजचं नाव होतं. त्यांचं नाव घालू का, असं मी विचारलं होतं. "जागा वाया जाईल" म्हणून त्यांनी नको म्हटलं होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या नावावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"रंगानं लिवलंय व्हय ह्ये?"

"हो."

"चार पावसात जाईल. पत्र्यावर ठशानं उठवाय पायजे हुतं." त्यांनी टोपी सारखी केली. "अक्षरं किती हायत मोज. मी ठसं करून देतो."

मी वही काढली आणि पहिल्या ओळीपासून मोजायला लागले.